चतुःसीमा

तामखेड्याचं पाणी मी सोडतो.
लोखंडी चावी खांद्यावर, अठ्ठावीस वर्षं.
गाव मला जमिनीखालून पाठ आहे:
पाइप कुठे वाकला, कुठे झिजला,
कुठल्या गल्लीत चढताना पाण्याला दम लागतो.

मग मुंबईहून कागद आला
आणि आम्ही गाव राहिलो नाही.
पेंटरने 'ग्राम'वर पांढरा हात मारला,
'नगर'चा रंग आणायला अमळनेरला गेला.
मधले दोन दिवस नुसतंच 'पंचायत' होतं.
ते बरं दिसायचं.

दीड वर्ष शिल्लक असताना
कोकिळाबाई सरपंच घरी गेल्या.
शिक्का रुमालात बांधून तहसीलदारांना दिला.
शाईचं पॅड विसरल्या की ठेवून घेतलं,
कुणी विचारलं नाही.
एका सहीत जॉबकार्डं संपली.
शहरात रोजगार हमी नसते, म्हणाले.
धुडकू म्हणाला, कुठंय ते शहर, दाखवा,
मी चालत जाईन तिथं कामाला.

सतरा प्रभाग.
सोडतीची चिठ्ठी तिसरीतल्या पोरीने काढली,
तिला एक पेन मिळालं.
भिंतीवर प्रारूप चिकटवलं, हरकतींना सात दिवस.
ओट्यावरच्यांना मी वाचून दाखवलं:

प्रभाग अकरा.
उत्तरेस बोरी नदी.
पूर्वेस जिनिंगची पडकी भिंत.
दक्षिणेस गट नंबर दोनशे सात.
पश्चिमेस झिपरू मंगा यांचे घर.

खाली बसलेली मथाबाई म्हणाली,
"आखो वाच."

झिपरूचं घर गायरानावर.
चाळीस वर्षं अतिक्रमण.
नमुना आठसाठी त्याने सहा सरपंच झिजवले,
दर वेळी दप्तर म्हणालं, असं घरच नाही.
घरच नाही तर नळ कसला.
म्हणून माझा एक व्हॉल्व्ह
त्याच्या दारासमोर जरासा गळत राहिला.
हंडाभर, पहाटेपर्यंत.
मी तो कधी दुरुस्त केला नाही.
झिपरू गेला. मागल्या साली मागची भिंत बसली.
आता चौकट आहे, दोन पत्रे,
आणि मथाबाई.

तिने कागदाची झेरॉक्स काढली,
दोन रुपये मोजून, पाठीपोट नाही, एकाच बाजूने.
मुख्याधिकारी मंगळवारी येतात,
बाकीचे दिवस दुसऱ्या गावाचे.
"साहेब, आते ते घर शे ना?
तुम्हीच लिखेल शे."
साहेब भला माणूस. दोनदा वाचलं.
चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.
"बाई, ती हद्द आहे. घर नव्हे."

परत येताना ती बोलली नाही.
माझ्या घरी आली, पायरीवर बसली,
म्हणाली, लिख.
आधीच्या आठ हरकती मोठ्यांच्या होत्या:
भाऊबंदांची मतं फुटली, मळ्याची गल्ली तुटली.
नववी मी लिहिली, अंगठा तिचा:
'माझे घर नसेल तर
प्रभाग अकरा संपतो कुठे?'

उत्तर आलं, टाइप केलेलं.
हरकत अमान्य.
सीमेचे वर्णन अचूक आहे.

आता पाण्याचंही वेळापत्रक आलंय.
अकराला सोमवार, बाराला गुरुवार.
शहाऐंशी सालचा पाइप आहे,
त्याला वार कळत नाही.
मथाबाई चौकटीत खाट टाकते,
उशी अकरात, पाय बारात.
उमेदवार दोन्हीकडून हात जोडून जातात,
ती पडल्या पडल्या विचारते,
"मी कोनी शे, सांगा."
एक जण हसला. दुसऱ्याने यादी उघडली,
बराच वेळ बोट फिरवत राहिला.

काल माझ्या नावाने आदेश निघाला:
हद्दीवरील गळती तात्काळ बंद करावी.
मी गेलो. चावी होती खांद्यावर.
व्हॉल्व्हपाशी चिखलात हंडा ठेवलेला,
निम्मा भरलेला.
मी खाली बसलो, नीट पाहिलं,
आणि माझ्या लक्षात आलं
की पाना आणायचा राहिला.